घोळीच्या सरसाची गिटार

“आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” आबा म्हणाला आणि त्यानं अडकित्त्यात सुपारी अशी धरली, जणू विश्वास न ठेवणाराची मानच हाती लागली होती. “या बोईसरात चाळीस मांजरांनी मिळून एका माणसाची नोकरी खाल्ली. कच्ची. मीठसुद्धा न लावता.”

पत्र्याच्या खोल्यांची ओळ, तिच्या शेवटच्या खोलीचा हा ओटा. समोर पोत्यावर बसलेले नामदेव आणि रामकिसन, दोघंही चारच दिवसांपूर्वी नांदेडकडून येऊन अणुवीज केंद्राच्या कामावर हेल्पर म्हणून लागलेले. शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, संध्याकाळी आबाकडे जाऊन बसत जा, घरची आठवण येत नाही. सगळी ओळ त्याला आबाच म्हणायची, म्हणून तेही आबा म्हणत होते. त्याचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आत आबाची बायको, माई, भाकऱ्या थापत होती.

“मांजरांनी नोकरी कशी खाल्ली हो, आबा?” नामदेवनं विचारलं.

“तेच तर,” आबा म्हणाला, सुपारी तोंडात टाकली आणि सांगू लागला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सदुसष्ट साल. तारापूरला काम असं जोरात होतं की समुद्रावरच्या वाऱ्यातसुद्धा सिमेंट यायचं. सकाळी जांभई दिली की संध्याकाळपर्यंत जबडा घट्ट. काँक्रीट ओतायचं तर आधी फळ्यांचे साचे उभारायचे, ते घट्ट झालं की साचे मोडायचे आणि फळ्यांमधले खिळे उपटून फळ्या पुन्हा कामाला घ्यायच्या. त्या खिळे उपटणाऱ्या टोळीत नागोराव होता. परभणीकडचा, पंचविशीतला, गळ्यात तुळशीची माळ, आणि अंगावर मांस इतकंच की कावळ्यानंसुद्धा वरून बघून पुढं निघून जावं. पण खिळे उपटण्यात वस्ताद. त्याची पहार लांबून येताना दिसली की खिळे आपणहून डोकी वर काढायचे.

“नागोराव,” टोळीतली माणसं म्हणायची, “गावाकडं जाऊन बायको पण अशीच उपटून आणा की!”

कारण बायको बापाकडं अडकली होती. लग्नाला तीन वर्षं, त्यातली अडीच वर्षं उषा माहेरी. तिच्या बापानं पत्र पाठवलं होतं: दिवाळीपर्यंत पक्की नोकरी आणि डोक्यावर पत्रा दाखवा, मुलगी पाठवतो. नाहीतर काडीमोड घेऊन तिचा पाट लावून देतो. दुसरा नवरासुद्धा हेरून ठेवला होता, सेलूचा पिठाच्या गिरणीवाला. हे पत्र सगळ्या टोळीला तोंडपाठ होतं. नागोरावला वाचता येत नव्हतं ना! ज्यानं वाचून दाखवलं त्यानं नागोरावला एकदा दाखवलं आणि बाकीच्यांना दहादा. मग जेवणाच्या पंगतीत कुणीतरी हळूच ‘घर्रर्र’ असा आवाज काढायचा, की सगळी पंगत गिरणीसारखी घरघरायला लागायची. नागोराव मान खाली घालून भाकरी चावायचा. हसायचाही थोडा. हसलं नाही तर लोक जास्त घरघरतात हे त्याला कळलं होतं.

तर असा हा माणूस, आणि त्यानं काय करावं? गिटार.

साइटवर एक अमेरिकन होता, हॉलिस साहेब. बारीक सुतारकामाचं खातं त्याच्या हाताखाली. साहेब सहा फूट चार इंच. खुर्चीत बसला तर गुडघे कानाला लागायचे. दर रविवारी तो चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसून गिटार वाजवायचा. एका रविवारी नागोराव तिथं गेला आणि साहेब समुद्रात डुंबायला गेला तेव्हा गिटारीपाशी उकिडवा बसला. हात नाही लावला. नुसता त्या भोकातून आत बघत राहिला. साहेब तासाभरानं बाहेर आला तरी हा भोकात डोळा घालून बसलेला, जसा काही आत सिनेमा चालू होता.

“क्या देखता है?” साहेबानं विचारलं.

“आत बरगड्या हायेत, साहेब,” नागोराव म्हणाला. “बारीक बारीक. माणसासारख्या.”

साहेबाला मराठी कळत नव्हती, पण बोटांच्या खुणा कळल्या. त्यानं गिटार उलटी करून दाखवली. खाऱ्या हवेनं पाठीचा जोड उकलला होता. “मरती है,” साहेब म्हणाला. “इधर का हवा में सब मरता है.”

नागोरावनं सुतळी काढली आणि गिटारीची मापं घेऊन एकेका मापाला एकेक गाठ मारली. पोटाची रुंदी, कमरेची, मानेची लांबी. गाठींची ती सुतळी त्यानं कमरेला बांधली.

आठ दिवसांनी साहेबानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. कच्ची माणसं दिवाळीला कमी होणार होती. साहेबाच्या खात्यात मात्र एक पक्की जागा होती, आणि त्या जागेबरोबर बोईसरला पत्र्याची खोली. “एक महीना,” साहेब म्हणाला. “अपने हाथ से कुछ बनाओ. जिसका काम अच्छा, जगह उसकी.”

टोळीत खरा सुतार एकच होता, धर्माजी मुकादम. धर्माजी म्हणजे काय सांगू! देवमाणूस. तीस वर्षं रंधा धरलेला, पण गर्व नावाला नाही. त्यानं सागाचा देव्हारा करायला घेतला, वर मोर, खाली कमळं. जागा त्यालाच मिळणार हे सगळ्यांनी धरलंच होतं, तोच नागोराव उठून म्हणाला, “मी गिटार करतो.”

शेड हसली. हसता हसता एक जण मचाणावरून खाली पडला आणि त्याचा पाय मोडला, तरी प्लास्टर घालेपर्यंत हसत होता.

“अरे, तू खिळे उपटणारा,” कुणीतरी म्हणालं, “खिळा ठोकला तरी आहेस का कधी जन्मात?”

“गिटारीत खिळा नसतोच,” नागोराव म्हणाला. “मी आत बघितलंय.”

परदेशातून यंत्रं यायची ती पांढऱ्या विलायती लाकडाच्या खोक्यांतून. मोडक्या खोक्यांच्या फळ्या चुलीत जायच्या. त्यातल्या काही नागोरावनं मुकादमाच्या परवानगीनं घेतल्या. हत्यार म्हणाल तर पहार, एक उसनी करवत आणि बाटलीच्या फुटक्या काचा. काचेनं तो फळी खरवडायचा. कामावरून सुटला की काळोख पडेपर्यंत खर्र खर्र. फळी बोटभर जाडीची होती, ती त्याला भाकरीएवढी पातळ करायची होती. बोटांतून रक्त यायचं, ते लाकडावर सांडू नये म्हणून तो बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं खरवडायचा.

कुठं थांबायचं ते मात्र त्याला कळेना. पहिली फळी खरवडता खरवडता आरपार गेली. तेव्हा त्याला जिवल्या भेटला. जिवल्या वारली, साइटवर माती वाहायला यायचा. त्याच्या पाड्यावर भोपळ्याची, तारेची घांगळी वाजवायचा, आणि वाजवायचा तीही स्वतः केलेली. त्यानं फळी कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकली.

“आजून जाड हाय,” जिवल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकली. “आजून हाय.”

चौथ्या दिवशी ठोकली तर फळीनं आतून हुंकार दिल्यासारखा आवाज केला. “बास. आता घासू नुको. आता घासशील त मुकी होल.”

“तुला कसं कळलं रे?”

“आमच्या मुकादमाच्या टकुऱ्यावर ठोकून बघ,” जिवल्या म्हणाला. “तिथं कवाच आवाज नाय येत. मंग फरक कळल.”

जिवल्याला तोंड आवरत नव्हतं, म्हणून पुढं तो कामावरून गेला. असो.

बाजूच्या पट्ट्या वाकवणं हे त्याहून अवघड. नागोराव त्या डांबराच्या टाकीच्या तापलेल्या चिमणीवर वाकवायचा. रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि सकाळी चिमणीला लावून हळूहळू दाबायच्या. वाफ निघायची, लाकूड शिस्स करायचं, आणि कंबर वळायच्या जागी काट् करून मोडायचं. अशा सात मोडल्या. आठवी वळली. तोपर्यंत त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी इतकी भाजली होती की रेषाच राहिल्या नाहीत. पालघरच्या बाजारात एका ज्योतिषानं त्याचा हात धरला, उलटासुलटा करून बघितला आणि पैसे न घेताच सोडला. म्हणाला, “बाबा, यात भविष्यच नाही.”

टोळीत ही गोष्ट दिवाळीपर्यंत पुरली.

मानेला त्यानं शिवणीच्या झाडाचं लाकूड घेतलं, ते जिवल्यानं आणून दिलं. मानेवर बोटं दाबायचे आडवे पडदे म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या कापून बसवल्या. तारा साहेबानं टाकून दिलेल्या. सगळं झालं, आता नुसतं चिकटवायचं राहिलं. आधी त्यानं तांदळाची खळ वापरली. दोन दिवसांत मुंग्यांनी ती खाल्ली आणि पोट पाठीपासून सुटलं. दिवाळीला बारा दिवस उरले होते.

तेव्हा नागोराव धर्माजी मुकादमाकडे गेला. दुसऱ्या कुणाकडे जाणार? सुतार तोच.

“मुकादम, सरस कुठला लावू?”

मुकादमानं देव्हाऱ्यावरचा मोर घासता घासता विचार केला. मोठ्या मनाचा माणूस. स्पर्धेतल्या गड्याला सांगायला नकोच म्हणाला असता तर कुणी बोल लावला नसता. पण त्यानं सांगितलं. “घोळ माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो. तो वाळवून शिजवायचा. विलायतेत सगळे बाजे त्यानंच चिकटवतात. दुसरं काही लावशील तर साहेब बघताक्षणी ओळखेल.”

नागोरावनं माळेला हात लावला. “मासा?”

“मग तू बस टाळ्या वाजवत,” मुकादम म्हणाला. “त्यांना तर कसलाच सरस लागत नाही.”

टोळीतली माणसं तोंडात सदरे कोंबून हसत होती म्हणे. का हसत होती कोण जाणे.

रविवारी नागोराव चालत मुरब्याच्या कोळीवाड्यात गेला. जन्मात माशाला हात न लावलेला माणूस. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून जाताना धोतराचा सोगा नाकाला धरून असा चालला, जसा काही मयताला आलाय. लाडकी नावाच्या कोळणीपाशी जाऊन त्यानं फुगा मागितला.

“माळ घालतं नि फुगा मागतं?” लाडकी ओरडली. “कशाला पायजे रं?”

“गिटार चिकटवायला.”

“ती कोन? बायको?”

“बाजा हाय, मावशी. वाजवायचा.”

“आमच्या घरवाल्याला घोळ नाय मिलत खायाला नि ह्याच्या बाज्याला पायजे!” सगळ्या कोळणी गोळा झाल्या. “फुगे शेट नेतान, वजनावर. तुला कुटचे देव?”

शेवटी सौदा ठरला. खाडीत एक जुनी होडी मोडायला काढली होती, तिचे खिळे गंजून लाकडात रुतले होते. नागोरावनं ते सगळे उपटून द्यायचे आणि शेठनं नाकारलेले फाटके फुगे न्यायचे. सूर्य डोक्यावर होता तेव्हा बसला तो भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत उठला नाही. नऊशे खिळे. लाडकीनं फुग्यांची पुडी त्याच्या हातात दिली तेव्हा त्याला तिथंच कोरडी ओकारी आली, आणि कोळणींनी त्यालाही एक नाव ठेवलं ते मी इथं सांगत नाही, आत माई आहे.

सरस शिजवण्याआधी त्यानं माळ उतरवून झोपडीतल्या खिळ्याला अडकवली. माळ उतरवणं म्हणजे काय ते माळकऱ्यालाच ठाऊक. वडिलांनी घातलेली होती. मग डब्यात फुगे शिजायला ठेवले. पहिल्या वाफेला तो ओकला. दुसऱ्या वाफेला ओकला. तिसऱ्यांदा पोटात काही उरलं नव्हतं तरी ओकण्याचं काम इमानानं केलं. तो पिवळा चिकट रस त्यानं बोटानं प्रत्येक बरगडीला लावला, सगळी गिटार सुतळीनं आवळून वर विटा ठेवल्या आणि हात धुतले. राखेनं, मातीनं, लिंबानं, पुन्हा राखेनं. वास काही गेला नाही.

खानावळीत गोजराबाईनं त्याला उंबऱ्यातच अडवलं. गोजराबाई त्यांच्याच मुलखातली, मराठवाड्यातल्या माणसांना जेवू घालणारी.

“नागोराव, आमच्या पंगतीला माळकरी बसत्यात. तुमचं ताट बाहेर.”

“मी खाल्लं न्हाई, गोजराबाई. नुसता शिजवला.”

“शिजवतंय कोण, खातंय कोण, ते मला नका सांगू. बाहेर.”

हापशाजवळ त्याचं ताट ठेवलं. पंगतीतून घरघर आली, आणि तिच्यात आता ‘म्याँव’ मिसळलं. कारण मांजरं खरोखर आली होती. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी सात. आठवड्यात त्याच्यामागं मांजरांची अशी रांग लागली, जशी काही वरात. तो थांबला की थांबायची, वळला की वळायची. साइटवरचा हजेरीवाला म्हणायचा, “नागोराव एक, मांजरं तेवीस, हजर.” लोकांनी त्याला माळ कुठं गेली ते विचारलं, गिरणीवाल्याला कळवू का विचारलं, उषावहिनी आल्या तर त्यांना भाकरी देणार की बोंबील, तेही विचारलं. तो एकच म्हणायचा:

“लागू द्या वास. खोली मिळाली की चुना लावून धुतो.”

सरस वाळला. दिवाळीला चार दिवस राहिले होते. रविवारी दुपारी, साहेब मुंबईला गेलेला, टोळी झोपड्यांतून आडवी पडलेली, अशा वेळी नागोरावनं विटा उतरवल्या, सुतळी सोडली, तारा चढवल्या. वाजवायला त्याला येतच नव्हतं. त्यानं अंगठा नुसता वरून खाली नेला.

आता पुढचं नीट ऐका. तारापूरच्या समुद्राला भरती येत होती, ती थांबली.

“थांबली?” नामदेव म्हणाला.

“अर्धा मिनिट,” आबा म्हणाला. “पंचांगात बघ, त्या दिवशीची भरती अर्धा मिनिट उशिरा लिहिलेली आहे. क्रेनवाला क्रेन अर्ध्यात सोडून खाली उतरला. कोंबडे दुपारी आरवले.”

“मग चांगली वाजली म्हणा की,” रामकिसन म्हणाला.

आबानं सुपारीचा चोथा ओट्याखाली थुंकला. “वाजली,” तो म्हणाला. “वाजायला काय? डबासुद्धा वाजतो.” आणि पुढं सांगू लागला.

नागोरावला मात्र डबा वाटली नाही. त्यानं पुन्हा अंगठा नेला. तिसऱ्यांदा नेला नाही, आवाज संपेल अशी भीती वाटली. गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला, आणि सगळ्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा कुणी घरघरलं नाही. त्याच संध्याकाळी त्यानं तारघरात जाऊन उषेला तार केली. एकच शब्द: ये.

घाई केली. माणसानं जागा मिळाल्यावर तार करावी की आधी?

बुधवारी दुपारी तीन वाजता साहेब शेडमध्ये येणार होता. सकाळीच नागोराव गिटार धोतरात गुंडाळून घेऊन आला. मुकादमाचा देव्हारा आधीच मांडलेला होता; मोर असा की बघणाऱ्याला दाणे टाकावेसे वाटावेत. नागोराव घामानं निथळत होता, आणि अंगाला तो वास. मुकादमानंच त्याला सांगितलं, “जा, आंघोळ करून ये. असा जाणार साहेबासमोर? मी बसतो इथं राखण करत.” बघा, केवढा जिव्हाळा. नागोरावनं त्याच्या पाया पडून हौद गाठला.

आणि आंघोळ करून आला तर काय! शेडमध्ये मांजरं. तेवीस नाहीत, चाळीस. काळी, पांढरी, मुरब्याहून आलेली, सातपाटीहून आलेली, खाडी पोहून वैतरणेपलीकडून आलेली. घोळीचा वास तो, कोसभर जातो. त्यांनी सरस चाटला, चाटता चाटता जोड उकलले, जोड उकलले तसं लाकूड चावलं, नखांनी पोट फाडलं, बरगड्या माशाच्या काट्यासारख्या चघळून टाकल्या. मुकादम बिचारा एकटा. काठी घेऊन तुटून पडला त्यांच्यावर. एका बोक्यानं त्याचा गाल ओरबाडला, धोतर फाडलं. पण चाळीसांपुढं एक माणूस काय करणार?

नागोराव ओलाच उभा राहिला. मग खाली बसला आणि तुकडे गोळा करू लागला. खिळे निवडायची सवय ना; लांब तुकडे एकीकडे, आखूड एकीकडे, छत्रीच्या काड्या वेगळ्या. कुणी त्याला हात धरून उठवावं तर उठेना. साहेब तीन वाजता आला. त्यानं ती रास बघितली. एक पातळ तुकडा उचलून बोटाच्या पेरानं ठोकला, पुन्हा ठोकला, आणि मुकादमाकडं बघितलं. मग देव्हारा बघायला गेला.

“असा प्रकार,” आबा म्हणाला. “चाळीस मांजरं, एक नोकरी. अजूनही पटत नसेल तर नका पटवून घेऊ.”

नामदेव हसत होता. रामकिसन हसत नव्हता.

“मग जागा कुणाला मिळाली?” त्यानं विचारलं.

“मिळाली एका लायक माणसाला.”

“आणि नागोराव?”

“त्याचं काय! परभणीला फर्निचरचं दुकान टाकलंय म्हणे. चार माणसं हाताखाली. खुद्द नागोराव ही गोष्ट सांगतो आणि पोट धरून हसतो. बायको चहा आणून देते.”

आतला भाकऱ्या थापायचा आवाज थांबला होता. माई उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हातांना पीठ.

“मांजरं नव्हती,” ती म्हणाली.

“तू आत भाकरी बघ.”

“झाल्या भाकरी.” ती नामदेवकडं, रामकिसनकडं बघत बोलत होती, आबाकडं नाही. “सरसाची गोष्ट मुकादमानं थट्टेनं सांगितली होती. माळकरी माणसाला माशात बुचकळायचं म्हणून. झोपडीत येऊन सांगताना हसून हसून ठसका लागला होता. सरस बसणार नाही, असं वाटत होतं त्याला. तो बसला. रविवारी ती वाजली तेव्हा आमच्या झोपडीपर्यंत ऐकू आली. मुकादम जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला.”

“माई,” आबा म्हणाला, “पोरांना गोष्टीची मजा घेऊ दे.”

“दिवाळीच्या आदल्या दिवशी मी ह्या खोलीचं कुलूप काढत होते. पहिल्यांदाच. तर पक्क्या जागेची नवी खोली विचारत एक बाई आली, डोक्यावर ट्रंक, बरोबर बाप. मला म्हणाली, ‘ही त्यांची खोली का?’ मी म्हटलं, कुणाची? तर नवऱ्याचं नाव घेईना. लाजली. बापानं सांगितलं नाव. मी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, आत डोकावून चूल कुठं मांडायची ते बघून घेतलं, आणि मग मी तिला सांगितलं.” माईनं हात पदराला पुसले. “बापानं ट्रंक खालीसुद्धा ठेवू दिली नाही.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो गेल्यावर रामकिसन पोत्यावरून जरा पुढं सरकला.

“मग गिटार कुणी मोडली, माई?” रामकिसननं विचारलं.

आबानं अडकित्त्यात दुसरी सुपारी धरली. घाबरलेला दिसत नव्हता. एकतीस वर्षांच्या संसारात माईनं उखाण्याबाहेर त्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. रेशनकार्डावर नाव सांगायचं झालं तरी ती शेजारणीला पुढं करायची.

“धर्माजीनं,” माई म्हणाली. “हा बसलाय तो. राखण करतो म्हणाला आणि पायाखाली घालून मोडली.”